कीर्तनापुरती कौलं

"अहो, जरा याच्याखाली बसून विठ्ठलाचा गजर करा बरं," म्हणत सुमित्रावहिनींनी यजमानांना नमुन्याच्या पत्र्याखाली बसवलं. मिस्त्रीने तो नव्या छपरासाठी आणून भिंतीला तिरका टेकवला होता. वहिनींनी वरून झारीने पाणी सोडलं. तडतड तडतड! यजमानांच्या टाळ्या दिसत होत्या, विठ्ठल काही ऐकू येईना.

"म्हणताय ना?"

"घसा फोडतोय मघापासून!"

वहिनींनी झारी खाली ठेवली. घरभर नवी कौलं घालायची तर पैसे पुरेनात. साठले होते ते पत्र्यापुरतेच. आणि श्रावणात ओटीवर कीर्तन म्हटलं की पाऊस बुवांच्याही आधी येऊन बसायचा. बुवांचा आवाज आता थकलेला. पत्र्याखाली त्यांचं आख्यान ऐकणार कोण?

दिवसभर वहिनींचा पाय एका जागी ठरेना. आमटी करपली. संध्याकाळी मिस्त्री काय ठरलं ते विचारायला आला, तर त्या शिडीवर चढून एकेक जुनं कौल टिचकी मारून पाहत होत्या. तडकलेलं बद्द वाजे, धड असलेलं टाळासारखं खणखणे.

"मिस्त्री," त्या वरूनच म्हणाल्या, "सगळ्या घराची धड कौलं उतरवून ओटीवर घाला, तेवढी पुरतील. बाकी घरावर पत्रा!"

"म्हणजे निजायच्या खोलीवरही?" यजमान कळवळले. "पावसाळाभर डोक्यावर ताशा वाजणार! मी झोपू कुठे?"

"दर श्रावणात झोपता तिथेच," वहिनी शिडी उतरत म्हणाल्या, "बुवांच्या पुढ्यात."