दुधाच्या खोक्याचा पैलवान

"माझ्या पाच वर्षांच्या नातीला हरवून दाखव," शेजारची त्सुरुआज्जी म्हणाली. "हरलास तर कचरा-नाक्यावर पँटवर लंगोट बांधून शड्डू ठोकायचा!"

मी म्हटलं, लागली पैज! आपापल्या घरचं धुतलेलं दुधाचं खोकं कापून, रंगवून पैलवान बनवायचा, पुठ्ठ्याच्या पेटीवर उभा करायचा, बोटांनी पेटी बडवायची. आडवा पडेल तो हरला. नातीचा, कोहारुचा पैलवान दोनदा गडगडला. तिसऱ्यांदाही माझाच गडी जिंकला, पण धक्क्याने त्याची पाठ उकलली.

आतून चंदेरी!

आमच्या गल्लीत रद्दीत द्यायला खोकी धुणाऱ्या प्रत्येकीला ठाऊक आहे, दुधाचं खोकं आतून पांढरं असतं आणि दारूचं चंदेरी. समोरच माझी बायको फुमिए उभी होती. तिच्या लेखी मी तीन महिन्यांपूर्वीच दारू सोडली होती.

"कुणाच्या घरचं हो हे?" तिने विचारलं.

आपलं म्हटलं तर मेलोच. "नाक्यावरच्या दुसऱ्याच्या रद्दीच्या गठ्ठ्यातून ढापलं!" मी ओरडलो. "चीटिंग केली बाबा, हरलो!"

शुक्रवारी नाक्यावर रद्दी द्यायला जमलेल्या अख्ख्या गल्लीसमोर लंगोट बांधून शड्डू ठोकला. सगळ्यांत जोरात टाळ्या फुमिएच्याच. म्हटलं, लाज गेली पण जीव वाचला.



तेवढ्यात कोहारु ओरडली, "काका, मलापण चंदेरी पैलवान हवा! सायकल-शेडमागे तुम्ही लपवलेली अजून चार खोकी आहेत ना?"