महादूची गाठ

अठ्ठावन्न सालच्या मे महिन्यातली ती दुपार. आजोळच्या तळ्यावर सहा वर्षांचा श्रीधर पोहायला शिकण्यासाठी कमरेला सुकलेला भोपळा बांधून घेत होता.

"महादू, घट्ट हां."

"घट हाय रे. बैल बांधीन या गाठीनं," आजोबांचा गडी महादू म्हणाला. श्रीधरची नऊ वर्षांची बहीण कालिंदी पाण्यातून हसली. "भित्रा."

दुसऱ्या सकाळी महादू गाठ मारून शेतावर गेला, आणि तासाभराने भोपळा एकटाच तरंगताना सापडला. गाठ सुटली, पोर बुडालं, गाव म्हणालं. आईही तेच म्हणत राहिली, शेवटपर्यंत.

आईचं तेरावं झालं आणि कालिंदी महाडहून पहिल्या एस.टी.ने आजोळी, कापड्याला आली. चोवीस वर्षांत पहिल्यांदा. ऐकून कोसळेल असं आता कुणी उरलं नव्हतं. सांगायचं होतं एकाच माणसाला.

महादू तळ्याच्या पायरीवर उन्हाला बसला होता. तिचा आईसारखा चेहरा त्याने लगेच ओळखला.

"कवा आलीस गो? आई गेली म्हनं. मला सांगावा नाय आला."

"नाही पाठवला," ती म्हणाली.

पलीकडे गावातली चंपाबाई लेकीच्या कमरेला भोपळा बांधत होती. "सरळ उभी ऱ्हा गो. नायतर महादूची गाठ व्हायची."

धुणं धुणाऱ्या बायका हसल्या. महादूही हसला.

"आसंच बोलतात," तो कालिंदीची समजूत घालू लागला. "गुरं सुटली, मोळी सुटली, की महादूची गाठ. वाईट नको वाटून घेऊस. मी तवापासून गाठच मारीत नाय. बैलाचं दावं सुदीक बायको बांधते."

कालिंदीने पाण्याकडे अजून पाहिलं नव्हतं. परतीची गाडी बाराला होती. गप्प राहिलं तर कधीच कुणाला कळणार नव्हतं. किती सोपं आहे ते, हे तिच्या लक्षात आलं आणि तिने मान वळवून पाण्याकडे पाहिलं.

"तू तर येवढीशी पोर," महादू म्हणाला. "चूक माजीच. हात घाईत व्हता माजा."

"महादूमामा."

आवाज इतका मोठा निघाला की बायकांचे हात थांबले.

"तुमची गाठ सुटली नव्हती. मी सोडली. तो नको नको म्हणत होता."