मुंगीनं नेलेला तिळगूळ

निजामाच्या अमलातली गोष्ट. तलवाड्याच्या छबुबाईचा हात भारी आखडता. संक्रांतीला तिनं सुनेच्या, अंजनाच्या, तळहातावर बोराच्या आठळीएवढा तिळगूळ ठेवला. दुसऱ्या दिवशी नदीवर धुणं आपटता आपटता अंजनानं गाणंच जोडलं,

"सासूनं दिला तिळगूळ जवळ बोलवून,
एकच मुंगी आली नि गेली घेऊन!"

बायांची हसून मुरकुंडी वळली. ज्या त्या बाईनं ते गाणं आपल्या माहेरी नेलं.

पुढच्या संक्रांतीला छबुबाई माजलगावच्या लेकीकडून तेच गाणं गुणगुणत घरी आली. अंजना दिसताच म्हणाली,

"लई ग्वाड गानं हाय गं, तूबी शिक! कोन्या बिचारीला असली सासू मिळाली, देवाला ठावं."

आणि सुनेच्या ओंजळीत भला मोठा लाडू ठेवत म्हणाली, "घे. आमी न्हाई बाई तसल्या!"