शाईतली नाडी

वृंदा दफ्तरखान्यातल्या यंत्राखाली रेठरेकर घराण्याची पत्रे एकेक करून सरकवत होती. लिहिणाऱ्याची नाडी शाईच्या रेषेत उतरते आणि हे यंत्र ती मोजते. लाडूबाई रेठरेकरांनी १८१२ साली छावणीतल्या नवऱ्याला लिहिलेल्या पत्रात आकडा आला ब्याण्णव.

वृंदाला मोडी येत नव्हती. देवनागरी नक्कल तिचा नवरा विश्राम करायचा. त्याने उतरवलेले पान चुकून आत गेले आणि आकडा आला एकशे आठ. मग तिने पर्समधून त्याचीच सकाळची चिठ्ठी काढून घातली. 'गॅसवाला येईल.' अडुसष्ट.

दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या बाईवर जळायची तिला लाज वाटली, तरी मनातली आग विझेना. असे काय लिहिले आहे या बयेने, म्हणून तिने नक्कल वाचली.

'तिकडे आपला अंगरखा कोण धुते, ते खरे लिहावे.'

वृंदाने तेवढीच ओळ स्वतःच्या हाताने कागदावर लिहिली आणि विश्रामच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"यावर मिती नाही," तो मान वर न करता म्हणाला. "कधीची आहे?"

"आजची," वृंदा म्हणाली.