दिवाळीची सुटी

झरीकडच्या विनाअनुदानित हायस्कुलात बिनपगारी शिकवता शिकवता ठमके सरांचे केस पिकले. दिवाळीच्या सुटीत ते, कोणी ओळखू नये म्हणून, पार दूरच्या गावात तोंडाला दुपट्टा गुंडाळून कापूस वेचायला गेले. शेजारच्या ओळीतला मजूरही तसाच गुंडाळलेला. दुपारी पाणी प्यायला त्याने दुपट्टा सोडला, तर तिरुपतीला जातो म्हणून सगळ्या स्टाफला सांगून निघालेले त्यांचेच हेडमास्तर!

ठमके सरांनीही आपला दुपट्टा खाली ओढला. मग हेडमास्तर हळूच म्हणाले, "सर, कोणी इचारलं तं सांगजा, आपण दोघंबी तिरुपतीलेच गेलतो."



शाळा उघडली, तेव्हा दोघंही डोकं भादरून आले, आणि पोरांनी प्रसादासाठी हात पुढे केले.