शाल झाली की जाते

शाल पूर्ण झाली की श्रीरंगला त्याचा पलंग परत मिळणार होता. “सूनबाईची शाल विणून झाली की मिरजेला जाते,” म्हणत आलेली आई तीन महिने त्याच्या बायकोजवळ, मृदुलाजवळ, पलंगावर झोपत होती आणि तो बाहेर सोफ्यावर, पाय दुमडून.

आज दुपारी शेवटचा टाका बंद झाला. धुतलेली जाळीदार शाल नीट आकारात वाळावी म्हणून टाचण्या लावून पलंगावर ताणेपर्यंत श्रीरंगनं माळ्यावरून आईची बॅग काढलीसुद्धा.

आईची बोटं मात्र थांबेनात. पदराचं टोक गुंडाळायची, सोडायची, पुन्हा गुंडाळायची. “तिथं कुणासाठी विणायचं आता?” ती पुटपुटली.

मृदुलानं त्या बोटांकडे पाहिलं आणि पाय पुढे केला. “आई, माझे पाय फार गार पडतात हो. मोजे विणाल?”

“मे महिन्यात?” श्रीरंग ओरडला.

आई तोवर वितीनं सुनेचं पाऊल मोजायलाही लागली होती. “एका मोज्याला महिना लागेल गं.”

“पाय दोन आहेत, आई.”

श्रीरंगनं बॅग परत माळ्यावर चढवली. आईला दोन महिने मिळाले, मृदुलाला मोजे, आणि किंमत मोजली ती श्रीरंगच्या पाठीनं.