वऱ्हाडी गप्पा

कॉलेज रेडिओवरचा आपला पहिला कार्यक्रम संपवून अंबिका स्टुडिओबाहेर आली आणि तिने लगेच गावी फोन लावला.

“माय, आयकलं का मले?”

“कायचं वं! मी कवाची कान लावून बसली. कोणी पुण्याची पोट्टी बोलून रायली होती. तुयी पाळी कवा हाये?”

अंबिका तणतणत आत शिरली. कार्यक्रमप्रमुख कौस्तुभ, तिच्याच वर्गातला, समजुतीने म्हणाला, “अगं, नवा शुद्धक बसवलाय. आपण काहीही बोललो तरी श्रोत्यांना प्रमाण मराठीच ऐकू येते, तीही सभ्य आवाजात.”

“कार्यक्रमाचं नाव ‘वऱ्हाडी गप्पा’ हाये ना बे!”

“प्रक्षेपणात ते ‘वैदर्भीय सुसंवाद’ झालं.”

अंबिकाने माइक ओढून बटण दाबलं. “माई बोली पुसाचा हक्क तुमाले कोनं देला? आमाले लाज नाही वाटत, तं तुमाले काऊन वाटते?” ती घसा फुटेस्तोवर ओरडली.

कँटीनच्या स्पीकरवर मंजुळ आवाज उमटला, “श्रोतेहो, माझी एक नम्र सूचना आहे.”

तेवढ्यात मायचा फोन आला.

“आताबी तेच पोट्टी होती. कितीक गोड बोलते वं! तू बी तसं शिकून घे.”